दोऱ्याचा हिशेब

दवाखान्याच्या कपाटात
टाके घालायच्या दोऱ्याची एक पेटी असते.
डझनभर पाकिटं, निळं झाकण.
मी डॉक्टर नाही. डॉक्टर विमानानं दीड तासावर,
तेही वारा पडला असेल तर.
मी याच गावची, शिकवून उभी केलेली,
रात्री दोनला दार उघडणारी बाई.
एकोणीस वर्षं उघडतेय.

पूर्वी ही पेटी हिवाळाभर पुरायची.
मासे चिरताना सुरी निसटायची,
कुणाचं पोर घसरगाडीवरून पडायचं,
एकदा तर कुत्र्यानं पाद्रीबाबांची पोटरीच फोडली.
नदीवरचा बर्फ मऊ व्हायला लागला
तरी दोन-तीन पाकिटं शिल्लक असायची.
मुदत संपायची, मी टाकून द्यायचे,
नासलेल्या दुधासारखी, हळहळत.

मग खालच्या वळणावरच्या मोठ्या गावात
दारूचं दुकान उघडलं.
कुस्कोक्विम गोठली की नदी राहत नाही,
हमरस्ता होते. स्नोमोबाइलवर चाळीस मिनिटं.
जाताना चाळीस.
येताना पीटर अलेक्सी आलाच नाही.
एप्रिलमध्ये सापडला, गाडीला टेकून बसलेला,
हातमोजे काढून शेजारी नीट ठेवलेले.

त्या साली पेटी नाताळपर्यंत पुरली.
पुढच्या साली, पहिल्या बर्फानंतर पाच आठवडे.
भुवया शिवल्या, ओठ शिवले,
सगळ्यांत जास्त तळहात.
वार येतो तेव्हा माणूस हात पुढे करतो,
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

नास्तास्या तीनदा आली.
तिन्ही वेळा म्हणाली, आतल्या खोलीच्या दारावर आपटले.
मी सुईत दोरा ओवत राहिले.
त्या घरात आतल्या खोलीला दार नाही,
घोंगडी टांगलेली आहे.
मला माहीत आहे.
मी तिथंच वाढले.
ती घोंगडी माझ्या आईनं टांगली,
आणि मोक्सी माझा सख्खा भाऊ.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली.
दुकानदार डेल भला माणूस आहे, खोटं का बोलू.
म्हणाला, परवाना आहे, कर भरतो,
त्याच करातून तुमची रुग्णवाहिका आली.
खरं होतं. मागच्या महिन्यात
तिच्यातूनच मी दोघांना धावपट्टीवर नेलं होतं.
म्हणाला, दुकान काही पीत नाही, माणूस पितो.
लोकांनी माना डोलावल्या. माझीही डोलली असेल.

मला बोलता येत नाही.
मी रिकाम्या पेट्या नेल्या होत्या.
प्रत्येकीवर पेनानं तारीख: कधी उघडली, कधी संपली.
टेबलावर एकीवर एक ठेवल्या.
पहिल्या एकट्या, वर्षाला एक.
मग चार. मग सात.
सातवी घसरून पडली,
डेलच्या बुटापाशी.
त्यानं वाकून उचलली, तारीख वाचली,
आणि परत ठेवली, हळूच,
जशी झोपलेल्या पोराची टोपी ठेवावी.

अकरा मतांनी ठरलं:
रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला बंद,
तेलाच्या पैशांचे चेक येतात त्या आठवड्यात
पूर्ण कुलूप.

आणि हो, शाम्पूच्या बाटल्यांतून येते अजून.
कोण आणतं तेही गाव जाणतं.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात,
आमच्या घरात तो दांडा जेवायला बसतो
आणि मी त्याला माशाचा मधला तुकडा वाढते.
पण शाम्पूची बाटली चौपट महाग पडते.
चौपट म्हणजे कुणाचं तरी दुसरं घोट राहून जातं.
मी याला विजय म्हणत नाही.
दोन महिने म्हणते. पेटी दोन महिने जास्त टिकली.

परवा नास्तास्या आली, जखम नव्हती.
शेगडीपाशी बसली, चहा घेतला.
जाताना विचारलं, शाळेच्या सुताराला
दार बसवायला सांगशील का?
कडी आतून हवी.

आज सतरा फेब्रुवारी.
कपाटात चार पाकिटं आहेत.
घड्याळात सव्वानऊ.
कुत्री अजून भुंकलेली नाहीत.